फुकटचा उपमा

आमच्या घरात क्रेडिट कार्डं दोन. माझ्या कार्डावर सोनेरी विमान उडतंय, त्यावर पॉइंट मिळतात. हिच्या कार्डावर चित्रबित्र काही नाही. त्यावर कॅशबॅक मिळतो. मी 'माइल्स' हा शब्द वापरायला लागलो तेव्हा हिनं "म्हणजे किती रुपये?" एवढंच विचारलं. नेमकं तेवढंच मला सांगता येईना.

हिशेब असा. शंभर रुपये खर्चले की मला दोन पॉइंट. वर्षाचा खर्च चार लाख, म्हणजे आठ हजार पॉइंट! आकडा ऐकून माणसाला आपण सिंगापूरच्या निम्म्या वाटेवर पोचलो असं वाटतं. पण विमानाच्या तिकिटात पॉइंटचे पन्नास पैसे धरतात, आणि बँकेच्या यादीतला कुकर घेतला तर पंचवीस. चार आण्याचं नाणं सरकारनं २०११ साली चलनातून काढलं. ते अजून चालतं ते फक्त माझ्या कार्डावर. म्हणजे कोंबडी खरोखरच चार आण्याची. मसाला वार्षिक फीचा : पाच हजार, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ५,९००.

"पण लाउंज आहे ना!" मी म्हणालो.

मुंबईहून नागपूरला भाच्याच्या लग्नाला निघालो होतो. लाउंजात कार्डवाला फुकट, सोबतच्याला पैसे. "तुम्ही या जाऊन," ही म्हणाली, देवळाबाहेर चपला सांभाळत बसल्यासारखी. आत रांगही अंगारकीचीच. कार्ड घासून दोन रुपये घेतले आणि मला आत सोडलं. मूदभर उपमा हाती येतोय तोच आमच्या विमानाची हाक झाली. धावत गेटवर पोचलो, तर ही धपाटी संपवून डबा पुसत होती.

"काय होतं?"

"उपमा."

"कढीलिंब तरी होता का हो त्यात?"

नव्हता.

हिच्या कार्डावर ऑनलाइन किराण्याला पाच टक्के, बाकीला एक; पेट्रोलला नाही, भाड्याला नाही, आणि महिन्याला ठरावीक रकमेच्या वर एक पैसा नाही. हे तिला बारामाही पाठ. मर्यादा भरली की तूरडाळ एक तारखेपर्यंत थांबते. गेल्या वर्षी हिच्या बिलातून ६,२१२ रुपये वजा झाले, फी ५९०. सतत परदेशी उडणाऱ्याला माझं कार्ड परवडतही असेल. आम्ही उडतो ते भाचे लग्नाला आले की. (बिल थकवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तिथे मात्र दोन्ही कार्डं सख्खी भावंडं.)

शेवटी कार्ड बंद करायला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "सर, तीन महिन्यांत दीड लाख खर्च करा, फी माफ."

आमच्याकडे सध्या नवा फ्रीज आहे. जुनाही उत्तम चालू आहे. कुणाला हवा असल्यास कळवा. पैसे रोख घेऊ.