उलटे हत्ती आणि सात हजार फेऱ्या

पडद्याचं कापड कधीच बेताचं घेता येत नाही. सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटतं, आणि छापील असेल तर दोन्ही पडद्यांवरचे हत्ती एका ओळीत यायला हवेत म्हणून दुकानदार एक अख्खी नक्षी जास्तीची फाडून देतो. त्यामुळे खिडकीला पडदे लागतात त्याच दिवशी कपाटाच्या तळाशी सव्वा मीटर अपराधीपण घडी होऊन बसतं. कोथरूडच्या एका काकूंकडे अशा घड्यांचा कप्पा भरला होता. टाकवत नव्हतं, आणि कुडते शिवावेत तर घरातली माणसं कुठे संपतात नि खिडक्या कुठे सुरू होतात ते पाहुण्यांना कळलं नसतं.

शेवटी काकूंनी जाहीर केलं, "पिशव्या शिवणार!"

पिशवीसारखी सोपी वस्तू नाही, असं न शिवणाऱ्यांना वाटतं. काकूंनी कापड मधोमध दुमडलं, तळाची शिलाई वाचली म्हणून खूश झाल्या, दोन्ही बाजू मारल्या आणि पिशवी सुलटी केली. पुढच्या अंगाला हत्ती डौलात निघाले होते. मागच्या अंगाला तेच हत्ती पाय वर करून पडले होते! एकाच दिशेची नक्षी तळाशी दुमडली की असंच होणार. त्यावर उपाय म्हणजे दोन वेगळे तुकडे बेतून तळाला जोडायचे. पण त्यात दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो, आणि उरलेल्या कापडातला इंच म्हणजे काकूंच्या लेखी सोनं.

"उलटी बाजू अंगाकडे धरायची," काका म्हणाले. त्यांचं आयुष्य बँकेत गेलेलं.

खरी कसोटी बंदांची. चार इंची पट्टी चार पदरी दुमडली की इंचभर रुंदीचा बंद होतो. तो जिथे पिशवीला जोडायचा तिथे चौकोन मारून आत फुली मारतात. फुली शोभेची नाही. पाच किलो कांद्याचा भार एका रेघेवर न येता चौकोनभर वाटला जावा, यासाठी ती असते. बंदाचे चार पदर आणि तोंडाच्या दुमडीचे तीन, अशा सात थरांतून जाताना नेहमीची 14 नंबरची सुई मोडली, मग 16 नंबरची आली. मग आतून अस्तर हवं. ते उरलेल्यात नव्हतं, म्हणून लक्ष्मी रस्त्यावरून मांजरपाट आला. दोन मीटर पुरला असता, पण तो आटतो म्हणून तीन. आता कप्प्यात मांजरपाट उरला आहे.

महाराष्ट्रात 2018च्या जूनमध्ये प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड होता. त्या धाकाने घरोघरी दाराआडच्या खुंट्या कापडी पिशव्यांनी वाकल्या. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने मात्र भलताच हिशेब मांडला. सगळे निकष धरले तर नव्या सुती पिशवीने प्लास्टिकच्या साध्या पिशवीशी बरोबरी साधायला ती 7,100 वेळा वापरावी लागते. सेंद्रिय सुताची असेल तर 20,000 वेळा. आकडा इतका फुगतो तो ओझोन थराच्या निकषामुळे. नुसतं हवामानबदलापुरतं पाहिलं तर साध्या सुती पिशवीला 52 फेऱ्या पुरतात. पण 52 हा आकडा काकांना फारच मिळमिळीत वाटला. त्यांनी 7,100 ला 365 ने भागलं.

"रोज मंडईत गेलीस तरी साडेएकोणीस वर्षं!"

"नवं कापड धरून ना? पडद्याचं बिल भरलंय. तेच पिशवीला परत कशाला लावता?"

मुद्दा बिनतोड होता. त्या हिशेबातला मोठा बोजा कापूस पिकवण्याचा आणि कापड तयार करण्याचा. इथे तो केव्हाच पडद्याच्या नावे पडला होता.

"आणि मांजरपाट?" काकांनी हळूच विचारलं. काकू मशीन जोरात चालवू लागल्या.

पिशव्या मात्र देखण्या झाल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. मेथीला चिखल असतो, बिटाचा रंग जात नाही. त्यामुळे काकू मंडईत जाताना खांद्याला हत्तींची पिशवी लावतात आणि तिच्यात घडी करून तांदळाची जुनी पिशवी ठेवतात. भाजी जुनीत येते. हत्ती तसेच कोरे परत येतात.

"मग ही फेरी हिशेबात धरायची का?" काकांनी विचारलं.

"अर्धी धरा," म्हणून काकूंनी मेथी निवडायला घेतली.