घडवणारे अण्णा

गडमुडशिंगीत कुणाचं काही बरं झालं की आमचे अण्णा शर्टाची वरची गुंडी लावतात आणि सांगतात, "त्याला मी घडवलं."

गल्लीतलं पोरगं फौजदार झालं, अण्णांनी घडवलं. कुणी गांधीनगरात कापडाचं दुकान टाकलं, त्याला गुणाकार अण्णांनी शिकवला. उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून विमान उठलं तरी अण्णा मान वर करून असं बघतात, की पायलटाची एलिमेंटरी त्यांनीच पास करून घेतलेली असावी. जे बिघडले, ते मात्र आईबापाच्या लाडानं.

अण्णा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सोप्यातल्या भिंतीवर त्यांनी जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र फ्रेम करून लावलंय. पुतळ्याची बाई होते आहे, वरचं अंग गुलाबी झालंय, पाय अजून संगमरवरी, आणि ती वाकून शिल्पकाराच्या गळ्यात पडलीय. काकूंनी त्यावर कालनिर्णय असं टांगलंय की फक्त पाय दिसतात. म्हणजे नेमका जो भाग अजून दगडाचा आहे, तेवढाच.

तर हा शिल्पकार पिग्मॅलियन, सायप्रसचा. त्याला गावातली एकही बाई पसंत पडेना, म्हणून त्यानं हस्तिदंताची घडवली, तिला दागिने घातले, तिच्यावर जीव लावला, आणि शेवटी देवीनं मूर्तीत प्राण घातला. गोष्ट ग्रीकांची, पण आपल्यापर्यंत आली ती ओव्हिड या रोमन कवीकडून, दोनेक हजार वर्षांपूर्वी. गंमत बघा, ओव्हिडनं त्या बाईला नावच दिलं नाही. गॅलेटिया हे नाव तिला चिकटलं अठराव्या शतकात. घडवणाऱ्याचं नाव मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं. अण्णांना यात काही वावगं वाटत नाही. आमच्याकडचा कुंभारही गणपती घडवतो, डोळ्यांची आखणी करतो. पण म्हणून आरतीच्या वेळी कुणाच्या घरात शिरून "हा माझा" म्हणत नाही.

या गोष्टीतली मेख ओळखली बर्नार्ड शॉनं. १९१३ च्या 'पिग्मॅलियन'मध्ये त्यानं पुतळ्याच्या जागी फुलं विकणारी पोरगी आणली, शिल्पकाराच्या जागी उच्चारांचा मास्तर, आणि शेवटी पोरीला ताठ मानेनं बाहेर काढलं. लंडनच्या प्रयोगात मास्तराचं काम करणाऱ्या ट्री साहेबांना हे सोसवेना. पडदा पडता पडता ते तिच्याकडे फुलं फेकायचे. शॉ भडकला. (ट्री साहेब आमच्या अण्णांचे मागच्या जन्मीचे कोणीतरी असणार.) पुढं त्याच नाटकाचं १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' झालं, आणि १९७५ मध्ये पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं. उभ्या महाराष्ट्रानं त्यात भक्ती बर्वेंची मंजुळा बघितली. अण्णांनी बघितला तो सतीश दुभाषींचा प्रोफेसर. तेव्हापासून ते मंजुळेच्या शोधात होते.

ती त्यांना अलीकडे मागच्या गल्लीत सापडली. पोरीला विमानतळावरच्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती.

"अण्णा, मी आलो."

"आले म्हण."

"आले."

"शाब्बास. कुठनं आलीस?"

"क्लासवरनं आलो."

कोल्हापूरकडच्या बाईला 'आले, गेले, जेवले' म्हणायला लावणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात गूळ घालायला सांगणं. पण अण्णा हटले नाहीत. 'माय फेअर लेडी'च्या सिनेमातला मास्तर पोरीच्या तोंडात गोट्या घालून बोलायला लावतो, असं त्यांना आठवलं. गोट्या नको, गिळल्या तर बोंब, म्हणून फुटाणे दिले. पोरगी एक वाक्य बोलायची आणि फुटाणे खाऊन टाकायची. आठवड्यात अर्धा किलो गेले. काकू म्हणाल्या, "तिची जीभ सुधारंल तवा सुधारंल, माझा डबा रिकामा झाला."

आणि एक दिवस ती दारातनंच ओरडत आली, "अण्णा, मी सिलेक्ट झालो!"

"झाले! झाले म्हण!"

"तिथं झाले. हितं झालो."

तरुण मंडळानं सत्कार ठेवला. अण्णा इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत, मी शेजारी. घरनं निघतानाच त्यांनी वरची गुंडी लावली होती. पोरगी माइकपुढं उभी राहिली आणि खरोखर सुरेख बोलली, एक शब्द इकडचा तिकडं नाही. आईचे आभार मानले. वडलांचे मानले. रोज स्टॉपवर दोन मिनिटं गाडी थांबवणाऱ्या केएमटीच्या कंडक्टरचे मानले.

"आणि..." म्हणून ती थांबली.

अण्णांची खुर्ची करकरली. ते अर्धे उठले.

"आणि आमच्या म्हशीचे. तिच्या दुधावर माझ्या क्लासची फी निघाली."

काय टाळ्या पडल्या! अण्णा हळूच खाली बसले, उठलोच नव्हतो असं दाखवत टोपी सारखी केली. मी मुद्दाम त्यांच्याकडं बघितलं नाही. टाळ्या ओसरल्यावर त्यांचं कोपर माझ्या बरगडीत आलं.

"'आणि' म्हणून कशी थांबली, बघिटलास न्हवं?"

"बघितलं की अण्णा."

"तो पॉज मी शिकवलो."