डोंगरउतारावर बंगला कसा बांधावा

मुळशीत घर बांधायचे ठरले की जागा पाहायला पावसाळ्यातच जावे. उन्हाळ्यात गेलात तर जमिनीचा चढ दिसेल, पाणी कुठून आणणार असा प्रश्न पडेल आणि व्यवहार मोडेल. श्रावणात नुसता धबधबा दिसतो. परतीच्या वाटेवर पौड ते भूगाव रस्त्याकडेचे फ्लेक्स वाचत यावे. त्यावर 'एनए प्लॉट' जेवढे मोठे, तेवढे शेजारचे 'प्रस्तावित' बारीक. याच मुळशीत 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लोकांनी धरणाखाली जमीन जाऊ नये म्हणून सत्याग्रह केला होता. आता ती लवकर जावी म्हणून फ्लेक्स लागतात.

पुढची पायरी शेतकरी होण्याची. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. कोथरूडच्या गॅलरीतली तुळस त्यासाठी धरत नाहीत. तेव्हा गावाकडच्या त्या चार गुंठ्यांची आठवण काढावी, ज्यांवर सोळा वारस आहेत आणि ज्यांच्या पायी तुम्ही चुलत्यांशी बोलणे टाकले आहे. चुलत्यांना फोन करावा. आवाजात माया असावी. "काका, तब्येत कशी आहे?" इथून सुरुवात करून सातबाऱ्यावर यायला किमान तीन फोन लागू द्यावेत, पहिल्याच फोनला आलात तर काकांना संशय येतो.

आता विकणाऱ्याचा सातबारा. लोक मालकाचे नाव वाचून खूश होतात. खरी कथा 'इतर हक्क' या रकान्यात असते. तिथे कुळाचे नाव असेल, 'खाजगी वन' असेल, 'पुनर्वसनासाठी राखीव' असेल. एजंट म्हणेल, "साहेब, ती जुनी नोंद आहे, निघून जाईल." मान डोलवावी, पण चेकबुक खिशातच ठेवावे.

मग उतार. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. अडचण एवढीच की गॅलरीतून धरण दिसते ते नेमक्या अशाच उतारावरून. सपाट जागेवर परवानगी मिळते, पण तिथून फक्त शेजाऱ्याचा बंगला दिसतो.

सोपा मार्ग शेतघराचा. त्याला निदान एक एकर जमीन हवी आणि भाषा नीट हवी. नकाशावर पोहण्याच्या तलावाला शेततळे म्हणावे, गाड्यांच्या शेडला गोठा, आणि मित्रांबरोबर रात्री बसायच्या खोलीला बियाणे-साठवण. चार आंब्याची कलमे मात्र खरीच लावावीत. पाहणीला आलेल्या माणसाला बोट दाखवायला काहीतरी लागते.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची भीती कोणी घातली तर घाबरू नये. कस्तुरीरंगन समितीनंतर त्याच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा 2014 मध्ये निघाला आणि 31 जुलै 2024 रोजी सहावा. शिवाय त्यातली बंदी खाणींवर, प्रदूषणकारी उद्योगांवर आणि वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. तुमचा बंगला त्या हिशेबात किरकोळ आहे.

आणि इथेच तुमची मूळ चूक आहे: तुम्ही फार लहान मागता. एका घराला तलाठी, मोजणी, झोन दाखला, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असे सगळे उंबरे झिजवावे लागतात. अख्खे शहर मागितले की उंबरेच आपल्या दारी येतात. शासनाने 1996 मध्ये गिरिस्थानांचे धोरण आणले, त्यातून लवासा उभे राहिले आणि 2008 मध्ये लवासा कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे नकाशा दाखल करणारी कंपनी आणि तो मंजूर करणारे प्राधिकरण एकाच घरचे. साहेब जेवायला गेलेत, उद्या या, हे ऐकायची वेळ नाही.

पुढे 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून काम थांबवले, वर्षभराने अटींसह मंजुरी दिली. 2017 मध्ये नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे गेले आणि 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीत. पण तोवर डोंगरावर इमारती उभ्या होत्या, हे विसरू नये.

अर्थात यासाठी एका एकराने भागणार नाही. लवासाच्या आराखड्यात 18 गावे होती. तेव्हा एजंटाला पुन्हा फोन लावावा आणि प्लॉट नको म्हणून सांगावे. गावे आहेत का, विचारावे.