याची रेंज काय?

नानांना तुम्ही ओळखता. समोरच्याने सगळे चिप्स पुढे ढकलून 'ऑल-इन' म्हटलं की जो माणूस चष्मा काढतो, पुसतो, परत लावतो आणि मग आपल्या दोन पानांचा कोपरा उचलून पुन्हा बघतो, मधल्या वेळात ती कुणी बदलली असावीत अशा संशयाने, तेच ते नाना. टेबलावरचा एक जण फोन काढतो, दुसरा कॉफी मागवतो, डीलर छताचं निरीक्षण करू लागतो. आणि नाना पुटपुटतात, "याची रेंज काय?"

समोरच्याकडे काय आहे, हा नानांच्या मते अडाण्यांचा प्रश्न. त्याच्याकडे काय काय असू शकतं, त्याची यादी म्हणजे रेंज. उमेदीची सगळी वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेल्यामुळे समोर बसलेला प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय, ही त्यांची श्रद्धाच आहे. नोकरी संपली तरी ती सुटली नाही, आणि तीत पोकरची भर पडली. कोथिंबिरीची जुडी तीस रुपयांना म्हटली की नाना जुडी खाली ठेवून भाजीवालीच्या तोंडाकडे बघत राहतात. रिक्षावाला "मीटरवर वीस द्या" म्हणाला की याची रेंज काय. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हणाले, "आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या." सगळ्यांचे डोळे भरून आले. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साठ टक्के ब्लफ." पुढे मानपानाची यादी आली तेव्हा त्यांना झालेला आनंद त्या घरात कुणालाच आवडला नाही.

असे हे नाना आमच्याबरोबर रात्रीच्या बसने पणजीला येतात. मांडवीत नांगरलेल्या बोटीवर स्पर्धा असते. गोव्याच्या रहिवाशांना 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदी, त्यामुळे टेबलावर सगळे आमच्यासारखे बाहेरचेच. त्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणल्यापासून फोनवर खेळणारी पोरंही समोर येऊन बसायला लागली आहेत. डोक्यावर टोपडं, कानात हेडफोन, चेहऱ्यावर शून्य. नानांना ही पोरं फार त्रास देतात, कारण त्यांच्या तोंडाकडे बघून काहीच कळत नाही.

अशाच एका पोराने गेल्या खेपेला ऑल-इन केलं. नानांकडे दश्शीची जोडी. पॉटमध्ये 32 हजार चिप्स, कॉल करायला आणखी 18 हजार. म्हणजे एकूण 50 हजारांसाठी 18 हजार, तेव्हा छत्तीस टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. इथवर नाना चार सेकंदांत पोचतात. गाडी अडते ती पुढे. पोराकडे गुलामापासून एक्क्यापर्यंतची एखादी मोठी जोडी असेल, तर नाना पाचात एकदा जिंकणार. एक्का-राजा असेल, तर नानांची बाजू सत्तावन्न टक्के. आता एकेक जोडी हातात यायचे मार्ग 6, चार जोड्यांचे 24, आणि एक्का-राजा यायचे 16. गोळाबेरीज केली की नानांचे चौतीस टक्के होतात. फोल्ड! पण हा पोरगा एक्का-राणीवरही ऑल-इन जाणाऱ्यांतला असेल, तर आणखी 16 मार्ग वाढतात आणि नाना थेट एक्केचाळीसवर. कॉल!

म्हणजे सगळा प्रश्न येऊन ठेपला एका राणीवर. हा पोरगा एक्का-राणीवर जाईल का? नानांनी चष्मा काढला. पोरगा मान हलवत गाणं ऐकत होता.

त्यात बबल. अकरा जण उरलेले, बक्षिसं नऊ जणांना. अशा वेळी मिळणाऱ्या चिप्सपेक्षा जाणाऱ्या चिप्सचं मोल जास्त धरायचं, हा स्पर्धेच्या पोकरमधला पक्का सिद्धांत आहे. त्याचंही गणित असतं आणि तेही नानांना येतं. चष्मा पुन्हा पुसला गेला. शेवटी माझ्या शेजारच्याने क्लॉक मागितलं. बहुतेक ठिकाणी आता निर्णयाला 25 सेकंद देतात आणि मग पाचपासून उलटी मोजणी. 'दोन'ला नानांनी पानं डीलरकडे सरकवली. फोल्ड. ते नेहमीच फोल्ड करतात. मग पोराकडे वाकून, अगदी आर्जवाने, "एक्का-राणी होती का हो?" पोराने पानं न दाखवता फेकली.

परतीच्या बसमध्ये सॅमी फराहचा विषय निघतो. पोकरवाल्यांचा देव म्हणजे ख्रिस मनीमेकर. 2003 साली लास व्हेगासच्या विश्वस्पर्धेत 838 जणांना मागे टाकून 25 लाख डॉलर जिंकणारा टेनेसीचा साधा हिशेबनीस. त्याच्या हाती काहीही नसताना त्याने ऑल-इन केलं आणि समोरच्या फराहने नश्शीची जोडी असूनही बराच विचार करून फोल्ड केलं. जगाने ब्लफ करणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावला. नानांचा नायक फोल्ड करणारा. "फराहला तेरा लाख डॉलर मिळालेच ना?" ते विचारतात. त्यानंतर थोड्याच वेळात गुलामाच्या जोडीवर त्याच फराहचे सगळे चिप्स गेले, हा भाग नानांच्या कथेत येत नाही.

त्या रात्री आंबोली घाटात मी वैतागून विचारलंच, की नाना, छत्तीस टक्के लागतात, एक्केचाळीस मिळण्याची शक्यता आहे, तरी तुम्ही कधीच कॉल का करत नाही? मला वाटलं, रेंज निघणार. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "हरलो की उठावं लागतं रे."

वहिनी गेल्या. मुलगा टोरांटोत, फोन रविवारी. फ्लॅटमध्ये नानांच्या समोर बसणारं कुणी नाही. स्पर्धेत मात्र आठ माणसं समोर असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मनात काय आहे, ते ओळखण्याचं काम नानांकडे असतं. हे सगळं हिशेबात धरलं, तर त्या दश्शीच्या जोडीवर फोल्ड हेच बरोबर उत्तर होतं, असं मला म्हणावं लागेल. अर्थात त्यासाठी चार मिनिटं लागायचं कारण नव्हतं.

तेव्हा नाना तुमच्या टेबलावर आले तर क्लॉक खुशाल मागा, तो तुमचा हक्क आहे. पण फोल्ड केल्यावर ते वाकून विचारतील, तेव्हा पोरासारखं करू नका. पानं उलटी टाका आणि हातात काहीही असलं, तरी "राजांची जोडी होती, नाना," एवढं म्हणा.