तीन ‘आणि’ आणि एक स्वेटर

आश्विन लागला की परदेशी मासिकांची मुखपृष्ठं तपकिरी होतात. झाडांची पानं तांबूस, बाईचे बूट तांबूस, हातातल्या कपातली कॉफीही त्याच घराण्यातली. बाईनं आत पातळ टी-शर्ट घातलेला असतो, त्यावर बटणं न लावलेला चौकडीचा शर्ट, त्यावर लोकरीचं जाकीट, त्यावर गुडघ्यापर्यंतचा कोट आणि या सगळ्यावर कडी म्हणून गळ्याभोवती दोन वेढे दिलेला मफलर. इतकं अंगावर चढवून ती हसतेसुद्धा. मला त्या हसण्याचं फार कौतुक वाटतं. कारण त्याच दिवसांत सिल्वासात मी सुती गाऊनमध्ये पंख्याखाली बसलेली असते आणि पंखा पाचावर असूनही आणखी एखादा आकडा कुठे सापडतो का, ते पाहत असते.

शरद ऋतू आमच्याकडे येत नाही, असं नाही. येतो, पण अंगावरचं काढायला येतो. पाऊस परत फिरलेला असतो, मधुबन धरण भरलेलं असतं, खानवेलकडचे डोंगर अजून हिरवे असतात आणि आभाळात औषधालाही ढग नसतो. चार महिने भिजलेली जमीन त्या उन्हात तापली की सगळी वाफ तुमच्या-आमच्या अंगावर सोडते. दुपारी पारा 35च्या आसपास. धुतलेले कपडे तासाभरात वाळतात आणि घातलेले तेवढ्याच वेळात भिजतात.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. शरदाला ते वैद्यांची आई म्हणत, म्हणजे या ऋतूत वैद्याच्या घरची चूल कधी विझत नाही. चरकसंहितेत ऋतुचर्या सांगताना कपड्यांचाही विचार आहे. जाड पांघरुणं, कातडी, रेशीम हा सगळा जामानिमा हेमंतासाठी राखून ठेवलेला. शरदासाठी काय? स्वच्छ वस्त्रं, त्या ऋतूतल्या फुलांच्या माळा आणि तिन्हीसांजेनंतरचं चांदणं. संपलं. मासिकातल्या बाईचा कोट आणि चरकाचं चांदणं यांत मला निवड करायला सांगितली, तर मी एका पायावर चांदणं घेईन. इस्त्रीही करावी लागत नाही.

पण थरांवर थर चढवण्याची कला सिल्वासात नाही, असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबरातल्या भर दुपारी किलवणी नाक्यावर पाच मिनिटं उभं राहावं. स्कूटरवरून जाणाऱ्या मुली नीट पाहाव्यात. आत कुर्ता, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती कोट, कोपरापर्यंत हातमोजे, पायांत मोजे, डोकं-तोंड-मान एकाच स्टोलमध्ये अशी गुंडाळलेली की डोळ्यांपुरती फट राहते, त्या फटीवर गॉगल आणि या सगळ्यावर हेल्मेट. मासिकातली बाई यांच्यापुढे उघडीबोडकी वाटेल. हा वेश उन्हासाठी आहे, असं त्या सांगतात. त्या वेशात सख्खी आई शेजारी येऊन थांबली तरी ओळखत नाही, हा त्याचा दुसरा उपयोग. तो कुणी सांगत नाही.

यात शास्त्र मात्र पक्कं आहे. सिनाई वाळवंटातले बेदुइन त्या भाजणाऱ्या उन्हात काळे झगे का घालतात, यावर 1980 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक निबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, हे खरंच. पण झगा सैल असल्यामुळे ती उष्णता कापड आणि कातडी यांच्यामधल्या वाऱ्यावर स्वार होऊन निघून जाते. अंगापर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच भरते. म्हणजे खरं काम कापडाचं नाही, मधल्या हवेचं. हवा खेळती ठेवली तर गार वाटतं, कोंडून ठेवली तर ऊब मिळते. आमच्या नाक्यावरच्या मुलींनी तो निबंध वाचलेला असण्याची शक्यता कमी आहे. त्यांना फक्त लग्नसराईपर्यंत रापायचं नसतं. पण त्यांचे सुती कोट सैल असतात, हे मी मुद्दाम पाहून ठेवलंय.

कोजागिरीला मात्र शास्त्र संपतं आणि आई सुरू होते. गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं, वर चंद्र, खाली घामेजलेली माणसं. वारा असतो, पण गार नसतो. तरीही कुणीतरी काकू दुधाच्या आधी शाल घेऊन वर येतात. “डोक्यावर दव पडतंय, काहीतरी घे.” दव डोक्यावर पडतं, तेही फक्त आपल्याच माणसांच्या, आणि थंडी कानांतून आत शिरते, ही मराठी घरांतली दोन मूळ सूत्रं आहेत. त्यांना पुरावा लागत नाही. आमच्या सोसायटीतले एक काका सकाळी फिरायला जाताना हाफ पँट आणि कानटोपी घालतात. गुडघे वाऱ्यावर, कान बंदोबस्तात. विचारलं तर म्हणाले, “पायांचं काय एवढं? कान सांभाळले की झालं.” नोव्हेंबराच्या मध्यात सकाळी जरा गार झुळूक येते न येते, तोच गावातले सगळे कान एका दिवसात दिसेनासे होतात.

मी मूळची नाशिकची. तिकडे थंडी खरीखुरी पडते. निफाडचा पारा पेपरात छापून येतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तिथून सिल्वासात येताना माझ्याबरोबर एक ट्रंक आली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आणि सासूबाईंनी विणलेला कॅशमिलॉनचा स्वेटर. त्या पिढीतल्या बायका रेडिओ ऐकता ऐकता दोन उलट, दोन सुलट करत आणि एका हिवाळ्यात घरातल्या प्रत्येकाचं माप पार पाडत. माझ्या वाट्याला आलेल्या स्वेटरचा रंग मेंदी आणि मोहरी यांच्या मधला आहे, म्हणजे त्या वर्षी दुकानात जी लोकर उरली होती तो. सिल्वासात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 15च्या आसपास येतो. तेवढ्यासाठी तो स्वेटर जरा जास्तच आहे. पण ट्रंक उघडायला निमित्त लागतं.

आता साडीवरच्या स्वेटरचा प्रश्न. पदर स्वेटरच्या आत घ्यायचा की बाहेर? आत घेतला तर ऊब मिळते, पण साडीचा काठ दिसत नाही आणि लग्नाला जाऊन काठ दिसला नाही तर जायचं कशाला? बाहेर घेतला तर काठ दिसतो, पण स्वेटर आखडतो आणि खांद्यावर पदराचा असा डोंगर होतो की फोटोत एक खांदा वर दिसतो. तिसरा मार्ग म्हणजे स्वेटर घालायचा, बटणं लावायची नाहीत, आणि थंडी वाजली तर वाजली. बहुसंख्य बायका तिसऱ्या मार्गाला आहेत. मासिकातल्या बाईला हा प्रश्न पडलेलाच नाही, म्हणून तिला हसू येतं.

आणि या सगळ्यात गंमत अशी की, जगाच्या उबेचा कच्चा माल आमच्याच गावाच्या कडेला तयार होतो. मसाट, पिपरिया, खडोली या बाजूला गेलं की एकेक कारखाना पॉलिस्टर यार्नचा. एकेकाळच्या करसवलतींनी हे कारखाने इथं आणले आणि सवलती सरल्यावरही ते राहिले. पॉलिस्टर वितळवून बारीक छिद्रांतून दाबलं की सोऱ्यातून शेव पडावी तसे तंतू पडतात. पण ते सरळ, गुळगुळीत, निरुपद्रवी तंतू. त्यांचं कापड विणलं तर अंगाला चिकटेल. मग ते टेक्श्चरायझिंगला जातात. तिथं धागा ताणतात, तापवतात, पीळ देतात आणि लगेच तो पीळ उलगडतात. उलगडला तरी धाग्याला तो विसरता येत नाही. तो कुरळा होतो, फुगतो आणि त्याच्या वेटोळ्यांत हवा अडकते. बेदुइनांची वाहती हवा इथं कोंडली जाते आणि तिची ऊब होते. टोरांटोतल्या कुणाच्या तरी जाकिटाला जो फुगीरपणा असतो, तो असाच कुठल्यातरी तापलेल्या मशीनवर त्याच्या धाग्यात भरलेला असतो.

धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. दीडशे डेनियरचा म्हटलं तर नऊ किलोमीटर लांब धागा 150 ग्रॅमचा. सिल्वासाहून निघालं तर वापी स्टेशनच्या साधारण निम्म्या वाटेवर पोचेल एवढा धागा, आणि वजन एका छोट्या दोडक्याएवढं. हे काम करणारी माणसं मात्र मशीनच्या हीटरशेजारी बनियनवर उभी असतात. दुसऱ्यांच्या हिवाळ्याची सोय करताना त्यांच्या अंगावर एकच थर असतो. रात्रपाळी सुटते तेव्हा मात्र तीच माणसं जाकीट उलटं, पाठ पुढे आणि चेन मागे अशी घालून मोटरसायकलवर बसतात. छातीला वारा लागू नये म्हणून. जगातल्या कुठल्याही फॅशन मासिकात ही पद्धत मी अजून पाहिलेली नाही. आमच्याकडे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते.

कारखान्यांच्या कचेऱ्यांमध्ये उलटा प्रकार. बाहेर 35, आत एसी 18वर, कारण रिमोट साहेबांच्या टेबलावर असतो. त्यामुळे खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक शाल लटकलेली असते. मालकीण बदलली तरी शाल तिथंच राहते.

थरांचा विषय निघाला म्हणून सांगते, आमच्या प्रदेशाच्या अंगावर जितके थर आहेत तितके क्वचितच कुणाच्या असतील. सिल्वासा ज्यात येतं ती नगर हवेली मुळात मराठ्यांची. त्यांच्या आरमारानं ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं, त्याच्या भरपाईपोटी 1783 साली ती पोर्तुगिजांकडे गेली. नुकसान झालं समुद्रात आणि भरपाईला गेली दमणगंगेकाठची जंगलातली गावं, यातला न्याय माझ्या डोक्यात कधी शिरला नाही. पोर्तुगिजांनी 1885 साली सिल्वासाला लिस्बनजवळच्या एका किनारी गावाचं नाव दिलं, ‘पासो द आर्कोस’. नाव आणलं, पण तिथला शरद आणायचं राहिलं, म्हणून कोट इथं रुजला नाही. 1954च्या पावसाळ्यात हा मुलूख मुक्त झाला. त्यानंतर सात वर्षं तो ना पोर्तुगिजांचा, ना भारताचा. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. 1961 साली भारतात विलीन व्हायची वेळ आली, तेव्हा करारावर सही करायला कुणीतरी तोलामोलाचं हवं, म्हणून इथले प्रशासक के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. ते भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी. आत सरकारी नोकराचा सदरा, त्यावर एका दिवसाचा पंतप्रधानपदाचा कोट. थरांचा इतका सुटसुटीत वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. काम झालं, कोट काढला.

26 जानेवारी 2020ला आणखी एक थर चढला. आता प्रदेशाचं नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’ असं आहे. यात तीन ‘आणि’ आहेत. फॉर्मवर पत्ता लिहिताना हात दुखतो आणि चौकट संपते. भर थंडीतही हे नाव लिहून झालं की माणसाला जरा गरम वाटतं.

गेल्या डिसेंबरात माझी भाची टोरांटोहून आली. तिकडे ती खरंच चार थर घालते. तिच्या भाषेत आतला थर घाम ओढायला, मधला ऊब धरायला आणि वरचा वारा अडवायला. हे ती मला फोनवर अनेकदा समजावते आणि मी पंख्याखाली बसून मान डोलावते. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि हाफ पँट घालून फिरायला निघाली. सोसायटीच्या फाटकापाशी वॉचमन जाकीट, मफलर, माकडटोपी अशा संपूर्ण पोशाखात उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि काळजीनं मला फोन केला. मी खाली पोचेपर्यंत शेजारच्या बेन आधीच पोचल्या होत्या. साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, शालीवरून पदर.

“बेन, ही कॅनडात राहते,” मी म्हटलं. “तिकडे उणे वीस असतं.”

“ए तो कॅनडानी ठंडी,” बेन म्हणाल्या. “आ तो आपणी छे.” आणि त्यांनी आपल्या नवऱ्याची कानटोपी काढून माझ्या भाचीच्या डोक्यावर घातली.

त्यांचे यजमान शेजारीच उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान झाकले आणि घाईघाईनं घरात गेले.