साडेआठची जर्मनी

जर्मन मी ज्ञानासाठी शिकते, असं सगळ्यांना सांगते. खरं कारण म्हणजे चिरंजीवांनी नववीला जर्मन घेतलं आणि त्याच्या पुस्तकातलं मला अवाक्षर कळेना. अभ्यासात या घरात शेवटचा शब्द आजवर माझा असे.

"मॅक्सम्युलर भवनात जा की," नवरा म्हणाला. जाऊन येईपर्यंत घरी काय काय उतू जाईल ते कोण बघणार? शिवाय ज्याच्या नावाचं ते भवन, तो ऋग्वेद संपादून मोकळा झाला, पण जन्मात भारतात आला नाही. मग मी कोथरूडच्या डायनिंग टेबलावरून जर्मनची ए-वन पातळी केली तर बिघडलं कुठे? पाठीमागे पुस्तकांचं कपाट दिसेल आणि वाळत घातलेले टॉवेल दिसणार नाहीत, असा लॅपटॉपचा कोनही मी साधला.

क्लास लायपझिगहून. तिथले चार म्हणजे आपले साडेसात. पण ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला, जर्मनीने घड्याळ तासभर मागे घेतलं आणि क्लास गेला साडेआठवर. आमच्याकडे साडेआठला पानं मांडतात.

मला इतका राग आला की धातू पाठ करायचे सोडून मी या प्रकाराचा इतिहासच काढला. देशभरची घड्याळं सरकवायची ही टूम आधी जर्मनीनेच काढली, ३० एप्रिल १९१६ ला, महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून. मग ती गेली, आली, पुन्हा गेली. १९८० पासून मुक्कामालाच आहे. युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये ती बंद करायच्या बाजूने मत दिलं, तरी घड्याळं आपली सरकतातच. आठ कोटींवर माणसं एका रात्रीत तीनला दोन म्हणतात आणि सकाळी निमूट ब्रेड खातात. मी "जेवण तासभर पुढे नेऊ या का?" एवढंच विचारलं, तर तिघांनी असं पाहिलं, जणू मी गणपती पुढच्या महिन्यात बसवू म्हणाले.

नवऱ्याच्या मीटिंगला दार लागतं. पोराच्या क्लासला टीव्ही बंद होतो. माझ्या क्लासला "लोणचं कुठंय?" असतं. मी म्यूट करून सांगते, फडताळात, डावीकडे. बाईंना वाटतं, माझं नेट खराब आहे.

परवाचा धडा फावल्या वेळेचा. नाशिकचा इंजिनिअर सायकल चालवतो. कोट्टयमची नर्स, जर्मनीत नोकरीला निघालेली, रात्रपाळी करून चित्रं काढते. माझी पाळी आली. शब्द येत होते, व्याकरण येत होतं. सांगण्यासारखं काही आठवेना. खूप मागे जाऊन पाहिलं, तरी आठवेना.

"इश श्विमं," मी म्हणाले. मी पोहते.

बाई खूश. कधी? दर रविवारी. कुणाबरोबर? एकटीच. इतकी अस्खलित जर्मन मी कधी बोलले नव्हते. समोर चिरंजीवांचा घास हातातच राहिला. त्याला सगळं कळतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"आजी, आई दर रविवारी पोहायला जाते."

सासूबाईंनी ताटातून मान वर केली. "कुठल्या टँकवर गं? लग्नाआधी मी विहिरीत सूर मारायची. या रविवारी मलाही ने."

आता पोहायला शिकणं आलं. त्याचाही क्लास ऑनलाइन असतो का, बघते.