अंगठ्याची आपुलकी

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी येते. पहिला माणूस ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाईप करतो. पुढचे चाळीस जण तेच उचलून चिकटवतात आणि मधेच एखादा चुकून केकचं चित्र टाकतो. शोकसभा दहा मिनिटांत आटोपते, तीही लिफ्टमध्ये उभ्या उभ्या. 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा 1024 वर नेली. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाने मात्र 1990 च्या दशकातच हिशेब मांडला होता, की माणसाला जेमतेम दीडशे नाती नीट सांभाळता येतात. उरलेल्या पावणेनऊशेंसाठी कंपनीने अंगठ्याची सोय केली आहे.

अशा वेळी जुन्या चाळीतला शेजार आठवला, तर कोणी म्हणेल, चाळीच्या गॅलरीचे गोडवे पुरे. तिथे नळावरची भांडणंही होती. होतीच की. पण भांडणाऱ्या शेजाऱ्याला ‘म्यूट’ करता येत नसे, म्हणून संध्याकाळपर्यंत समेट करावा लागे. नातं त्या नाइलाजातच मुरायचं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 2021 च्या करोना लाटेत ऑक्सिजनचा शोध याच ग्रुपांवर लागला. खरं आहे. पण पडद्याने पत्ता दिला. सिलिंडर जिना चढून वर आला तो कोणाच्या तरी हातांनी. तेव्हा ग्रुप सोडायची गरज नाही, त्याला उंबरठा समजून आत शिरायची आहे. सभासद 1024 असोत की दीडशे, तिरडीला खांदे चार लागतात आणि ते फॉरवर्ड करता येत नाहीत.